क्रेनखालची राजभाषा

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पत्र्याची कात्रणे साचतात, तसे ते साचत राहतात. एके दिवशी येण्याजाण्याची वाट अडते, तेव्हा लक्षात येते की आता हे उचलून कुठेतरी नेऊन टाकले पाहिजे. माझ्याजवळ साचलेले किस्से सगळे एकाच विषयाचे आहेत. देशाला एक राष्ट्रभाषा असावी की नसावी, यावर मी एम.ए.ला असताना निबंध लिहिला होता. दोन्ही बाजू इतक्या काळजीने मांडल्या होत्या की निष्कर्षाला जागाच उरली नाही. पुढे मला नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत नोकरी लागली. जाऊन पाहते तर तो प्रश्न माझ्या आधीच तिथे कामाला लागलेला!

आमच्या वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांसाठी मोठाल्या टाक्या बनतात. तिथल्या प्रशिक्षण व सुरक्षा विभागात मी आहे. म्हणजे तो विभाग मीच आहे. मालक भाऊसाहेब मूळचे श्रीगोंद्याचे. छताखालून धावणारी क्रेन चालवतो तो म्हातारदेव, पाथर्डीकडचा. नाव काहीही असले तरी वयाने तिशीतला. खाली उभे राहून त्याला ओरडून इशारे देतात ते लिंगय्याकाका. त्यांचे घराणे चार पिढ्या नगरात आहे, मराठी ते माझ्यापेक्षा सहज बोलतात, पण घरात तेलुगू. चौथा रामसूरत, बिहारहून आलेला वेल्डर. इशारे हाताने द्यावेत, हे शास्त्र मला ठाऊक आहे. परंतु वेल्डिंगच्या धुरातून म्हातारदेवला वरून हात दिसत नाहीत. आवाज तेवढा पोहोचतो.

*

मी कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, रामसूरतने मला सहज विचारले की मॅडमजी, हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे ना. म्हातारदेवने भाकरी मोडता मोडता हरकत घेतली. दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

मी सावधपणे सुरुवात केली. संविधानात ‘राष्ट्रभाषा’ हा शब्दच नाही, असे सांगितले. संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी आहे, सोबत इंग्रजीचा वापर होतो, राज्यांना आपापल्या राजभाषा आहेत, शिवाय बावीस भाषांची आठवी अनुसूची आहे आणि तिचे स्वरूप वेगळे आहे, हेही सांगितले. माझी भाजी गार झाली.

म्हातारदेवने डब्याचे झाकण लावले. “राजभाषा व्हय,” तो म्हणाला. “मंग राजा कोन?”

हा प्रश्न मला परीक्षेत कोणी विचारला नव्हता.

*

त्यानंतरचा प्रसंग ‘खाली’ या शब्दाचा. रामसूरत शिडीच्या टोकावर बसला होता. शेजारी फळीवर लाल प्रायमरचा उघडा डबा. क्रेनचा हूक त्या बाजूला न्यायचा होता, म्हणून म्हातारदेवने केबिनमधून सांगितले, की तो डबा खाली कर. मराठीत याचा अर्थ डबा जमिनीवर उतरव. हिंदीत याचा अर्थ डबा रिकामा कर.

रामसूरत बेजबाबदार नाही. त्याने खात्री करून घेतली. “पूरा?”

“पुरा,” म्हातारदेव म्हणाला.

शिडीखाली भाऊसाहेब उभे होते.

चौकशी माझ्याकडे आली. दोघांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर मी भाऊसाहेबांना सांगितले, की आपापल्या भाषेत दोघेही पूर्णपणे बरोबर आहेत. भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिले.

“मग चूक काय माझ्या पॅन्टची?”

*

हसण्यावारी गेलेला हा शेवटचा प्रसंग. पुढचा तसा गेला नाही.

टाकीचे घुमटाकार झाकण क्रेनने खाली येत होते. जिथे यायचे तिथून ते थोडे सरकले आणि चहाच्या स्टुलाच्या दिशेने उतरू लागले. स्टुलावर किटली होती, आसपास माणूस कोणी नव्हते. लिंगय्याकाका घाबरून ओरडले, “चालु! चालु! चालु!”

तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे, बस झाले. म्हातारदेवला तेलुगू येत नाही. झाकण शांतपणे उतरत राहिले. ती किटली पुढे काही दिवस आम्ही पेपरवेट म्हणून वापरली.

“त्यो म्हनला चालू, मी ठिवली चालू,” म्हातारदेव खाली येऊन म्हणाला. “माजं काय चुकलं?”

भाऊसाहेब या वेळी चिडले नाहीत, आणि तेच वाईट होते. चार पिढ्या नगरात काढून ऐन वेळी तेलुगू कुठून आले, असे त्यांनी लिंगय्याकाकांना विचारले.

काका म्हणाले, “तोंड घाबरलं का घरी पळतं, भाऊसाहेब.”

भाऊसाहेबांनी स्टोअरची किल्ली काढून दाखवली. पुढची टाकी उचलताना गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर समोर उभा असणार होता. त्याच्यापुढे असा घोळ झाला, तर दुसऱ्या दिवसापासून काका स्टोअरमध्ये आणि क्रेनखाली दुसरा माणूस, हे त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगितले. तिथे काम कमी आहे, सावली आहे, बसायला खुर्ची आहे, असे मी काकांना नंतर समजावून पाहिले.

“तिथं ओरडायचं कोणाला, मॅडम? बोल्टांना?”

*

मग भाऊसाहेबांनी ठरवले, की क्रेनखाली यापुढे एकच अधिकृत भाषा. ती कोणती, हे ठरवायला आम्हा चौघांना बसवले.

रामसूरतने हिंदी सुचवली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती थोडीफार समजते, हा त्याचा मुद्दा. म्हातारदेवचे म्हणणे, क्रेन नगरात आहे, तिला मराठीच कळणार. आपल्याला कोणतीही भाषा चालेल, फक्त क्रेनखाली राहू द्या, एवढेच लिंगय्याकाका म्हणाले. भाऊसाहेबांनी मला मराठीतला नमुना तयार करायला सांगितले. मी तो विचारपूर्वक तयार केला आणि वाचून दाखवला: ‘कृपया भार सावकाश खाली घ्यावा.’

म्हातारदेवने तो पुन्हा वाचायला लावला.

“मॅडम, हे वाक्य सपस्तोवर भार खाली आल्याला असंल.”

अखेर ‘डाउन’, ‘स्लो’ आणि ‘स्टॉप’ या तीन शब्दांवर एकमत झाले. परक्या भाषेवर म्हातारदेव इतक्या लवकर कसा राजी झाला, याचे मला आश्चर्य वाटले. तसे मी बोलूनही दाखवले.

“ती आपल्या कुनाच्याच घरची न्हाई,” तो म्हणाला. “म्हंजी रुसायला बी कुनी न्हाई.”

माझ्या निबंधात हा मुद्दा तीन पानांत आला होता. नीट आला नव्हता.

*

लिंगय्याकाकांची मुलगी सावेडीत राहते. एका संध्याकाळी ते तिच्याकडे निघाले होते, आणि आम्ही एकाच शेअर रिक्षात बसलो. काकांनी डोळे मिटून सराव सुरू केला. “स्टॉप,” ते म्हणाले. रिक्षा थांबली. कोणी उतरले नाही. रिक्षा निघाली. थोड्या वेळाने पुन्हा, जरा जोरात, “स्टॉप.” रिक्षा पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी रिक्षावाल्याने इंजिनच बंद केले आणि मागे वळून अतिशय नम्रपणे विचारले.

“काका, उतरायचंय का पाठ करायचंय?”

*

शांतपणे बसून म्हणायला सांगितले, की काकांचा ‘स्टॉप’ निर्दोष येत असे. अडचण घाबरण्याची होती. ती तपासण्यासाठी रामसूरतने एक उपाय शोधला. तो वेफर्सची रिकामी पिशवी फुगवायचा आणि काकांच्या पाठीमागे येऊन फोडायचा. काका दचकून ओरडायचे, “चालु!” मग सगळे हसायचे, काकाही हसायचे.

इन्स्पेक्टर येण्याच्या आदल्या दिवशी मात्र पिशवी फुटली, ‘चालु’ बाहेर पडले आणि काका हसले नाहीत. हातमोजे काढून ते नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

म्हातारदेव माझ्याजवळ येऊन उभा राहिला. “घाबरायचं कसं ते बी विंग्रजीत शिकवा त्येला, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “तेवढं कुनीच शिकवत न्हाई.”

*

इन्स्पेक्टर चेन्नईचे होते. माझ्याशी इंग्रजीत बोलत, इतरांशी मोजक्या हिंदीत. वेल्डिंगच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. त्यांच्यासमोर गोंधळ नको, म्हणून भाऊसाहेबांनी हुकूम दिला होता, की टाकी हवेत असताना लिंगय्याकाकांखेरीज कोणीही तोंड उघडायचे नाही. स्वतः भाऊसाहेब भिंतीशी उभे होते. हातात स्टोअरची किल्ली.

टाकी उचलली गेली. काका एकसारखे बोलत होते. “डाउन. डाउन. स्लो. डाउन.” त्यांचे उच्चार स्वच्छ होते. टाकी सिमेंटच्या पायावर उतरू लागली. आणि तेवढ्यात पायाचे बोल्ट तपासावेत असे इन्स्पेक्टरांच्या मनात आले. ते वाकले आणि नेमके टाकीखाली शिरले.

हे वरून दिसणे शक्य नव्हते, धूर होता. आम्हा सगळ्यांना दिसत होते, पण आम्हाला बोलायची मनाई होती आणि मी, सांगायला संकोच वाटतो, ती पाळली. काकांनी पाहिले. त्यांच्या ओठांचा ‘चा’ झालेला मी स्वतः पाहिला. तो त्यांनी गिळला. मग ते दुसरा शब्द शोधू लागले. तोंड उघडे, हात वर, आणि आवाज नाही.

टाकी थांबली. वाकलेल्या इन्स्पेक्टरांच्या पाठीपासून हातभर वर, हवेत, थांबली.

ते बाहेर आले, वर पाहिले आणि तिथेच खाली बसले. पाणी दिले गेले. मग त्यांनी क्रेनवाल्याला खाली बोलावले आणि माझ्यामार्फत विचारले, की कोणाच्या इशाऱ्यावर क्रेन थांबवली.

“लिंगय्याच्या,” म्हातारदेव म्हणाला.

लिंगय्या काय म्हणाला, असे इन्स्पेक्टरांनी विचारले. आपण काहीच ऐकले नाही, हेही त्यांनी जोडले.

“काईच न्हाई म्हनला. म्या क्रेनवर चढलो तवापासून ह्या मानसाचं तोंड कदी मिटलं न्हाई, सायेब. आज एकदम गप झाला. म्हनलं, कायतरी इपरीत हाय. थांबिवली.”

मी हे शक्य तितक्या अचूकपणे इंग्रजीत सांगितले. इन्स्पेक्टरांनी ते मला पुन्हा सांगायला लावले. भाऊसाहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि काकांना म्हणाले, “उद्या वेळेवर ये. क्रेनखाली.”

जाता जाता इन्स्पेक्टर लिंगय्याकाकांपाशी थांबले. हेल्मेट काढून हातात घेतले आणि हिंदीत विचारले, की त्या वेळी तुम्ही कोणता शब्द शोधत होतात?

काकांनी प्रश्न मनावर घेतला. वर क्रेनकडे पाहिले, खाली टाकीकडे पाहिले.

“अभी तक मिला नहीं, साब.”