सहाव्या खुर्चीसाठी धुळे-जळगाव

नाशिकच्या बसस्टँडवर आमचे हे मला सोडायला आले. बॅग वर चढवली, पाण्याची बाटली हातात दिली आणि तोंडातून अवाक्षर न काढता घरी गेले. बावीस दिवस हेच चाललं होतं. भांडण असतं तर मी जिंकले असते हो! पण हे भांडतच नव्हते. फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवत होते. 'दूध संपले.' 'गॅस नोंदवावा.'

कारण काय, तर एक खुर्ची. आमच्याकडे वाकवलेल्या लाकडाच्या सहा खुर्च्या होत्या, पाठ गोल, बैठक वेताची. सासऱ्यांनी कुठल्याशा क्लबच्या लिलावात घेतलेल्या. सहावीवर बसून सासरे पेपर वाचायचे, त्यांच्यानंतर हे वाचायचे. दिवाळीच्या साफसफाईत पंखा पुसायला मी नेमकी तिच्यावरच चढले आणि माझा पाय वेतातून आरपार खाली गेला. म्हटलं, फाटकी खुर्ची हवी कशाला, आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली. लाकडाचे पैसे येत नाहीत म्हणाला, म्हणून फुकट! संध्याकाळी हे पेपर घेऊन आले, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि तोंडाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला गाठलं, तर माल पुढे गेलेला. तेव्हापासून हे पेपर उभ्याने वाचतात. पाच खुर्च्या समोर, आणि हा माणूस उभा. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही.

मग जळगावहून माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला. "ताई, धुळ्यात एक जुना फोटो स्टुडिओ बंद होतोय. तिथे अगदी तुझ्यासारखी खुर्ची आहे." माझ्यासारखी म्हणजे माझ्याकडे होती तशी, असं मी धरून चालले. यांना फक्त 'शोभाकडे जाते' एवढं सांगितलं.

निघण्याआधी मी घरच्या पाचही खुर्च्या उलट्या करून अभ्यास केला होता. पाठ आणि मागचे दोन पाय एकाच दांड्यातून वाकवलेले हवेत, मध्ये सांधा दिसला की नक्कल समजावी. स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच हवी, अधिकचं चिन्ह दिसलं तर स्क्रू अलीकडचा. आणि सगळ्यात मोठी खूण बैठकीच्या कड्याला. हाताने विणलेल्या खुर्चीला कडेने ओळीने भोकं असतात. कारखान्यातली तयार जाळी खोबणीत ठोकून बसवलेली असते, तिला भोकं नसतात.

धुळ्याला उतरले. रिक्षावाल्याला म्हटलं, "जुन्या खुर्चीसाठी आलेय."

"कोनत्या पक्षाकडून?" त्याने गंभीरपणे विचारलं.

स्टुडिओ एका अरुंद गल्लीत होता. मालक ऐंशीच्या घरातले, सगळे त्यांना नाना म्हणत. मागच्या पडद्यावर रंगवलेला धबधबा आणि त्याच्यापुढे खुर्ची. अगं बाई, तीच! निम्म्या धुळ्यातल्या नव्या नवऱ्या त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांचे नवरे मागे हात ठेवून उभे राहिले, असं नानांनी सांगितलं. मी लगेच गुडघ्यावर बसून खालून बघायला लागले. भोकं होती. स्क्रू एका खाचेचे. पाठीला सांधा नाही. लाकडाचा भुगा पडलेला नाही, म्हणजे कीडही नाही. वेत जरा पांढुरका पडला होता, तेवढंच.

मी उठून उभी राहिले. नाना कौतुकाने म्हणाले, "बठ्ठी देखी ल्या ताई, बठ्ठी!"

आता मी नाशिकची. 'देखी ल्या' म्हणजे बघून घ्या, एवढं शोभामुळे कळत होतं. 'बठ्ठी' मला ऐकू आलं 'बैठी'. म्हटलं, बसूनही बघा म्हणतायत, किती भला माणूस! पदर सावरला आणि ऐटीत बसले.

काड्काड् असा आवाज झाला आणि मी कमरेपर्यंत खुर्चीच्या आत. गुडघे हनुवटीला लागलेले, पाय हवेत.

"अरे अरे! काय व्हयनं?" नाना ओरडले. "बठ्ठी म्हंजे सगळी हो! सगळी तपासा म्हटलं मी. बसा कोन म्हटलं? पंधरा वर्सं कोनी बसलं नही त्याच्यावर!"

खान्देशी बोलीत 'बठ्ठी' म्हणजे सगळी. हे ज्ञान मला धबधब्यापुढे अशा अवस्थेत मिळालं. नानांनी एका हाताने मला ओढलं आणि दुसऱ्या हाताने चक्क कॅमेरा चाचपला. मी एवढ्या जोरात "नाना!" म्हटलं, की त्यांनी कॅमेरा ठेवून दिला.

एका महिन्यात दोन खुर्च्या फोडणारी बाई किंमत काय कमी करून मागणार? नाना म्हणाले तेवढे पैसे मुकाट्याने दिले. समोरच्या हॉटेलात शेवभाजी मागवली. ती एवढी झणझणीत होती की पहिल्या घासाला नवरा आठवला, दुसऱ्याला आई. वेताने ओरबाडल्यामुळे मला बसता येईना. उभ्यानेच जेवले. यांच्या उभ्याने पेपर वाचण्याची मी फार टिंगल केली होती, ती तेव्हा आठवली.

जळगावच्या बसमध्ये कंडक्टर खुर्चीकडे बघून म्हणाला, "हिचं तिकीट लागेल."

"मधून दिसतंय ना आरपार? मग अर्धं द्या," मी म्हटलं. तो हसला आणि खुर्ची शेवटच्या सीटजवळ ठेवू दिली. बाहेर पारोळ्यापर्यंत कापूसच कापूस, एरंडोल मागे पडल्यावर मधूनमधून केळीच्या बागा. मी मात्र मान वळवून खुर्चीकडेच बघत होते.

शोभाने भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) पुढे ठेवली आणि सगळं ऐकून दहा मिनिटं हसली. मग मला आबांकडे घेऊन गेली. आबा वेत विणतात. दिसत नाही त्यांना, लहानपणापासून. अंधशाळेत हे काम शिकले आणि पुढे साहेबांच्या खुर्च्या विणण्यात आयुष्य गेलं. त्यांनी खुर्ची मांडीवर घेतली आणि फाटलेल्या वेतावरून बोटं फिरवली.

"कोरडा पडेल व्हता," ते म्हणाले. "पण आपोआप नाही फाटला. कोनीतरी धप्पकन बसलं."

"पाहुणे आले होते," मी म्हटलं.

"वजनदार शेतस (आहेत) पाहुणे," आबा म्हणाले. शोभा तोंडावर पदर घेऊन बाहेर पळाली.

विणायला चार दिवस लागले. मी रोज जाऊन बसायची. भिजवलेला वेत एका भोकातून वर, दुसऱ्यातून खाली. आधी उभ्या आडव्या दोऱ्या, मग तिरप्या. आबा डोळ्यांनी बघत नव्हते, पण एक दोरी चुकली नाही. मध्येच सूचना सुरू. वेताला तेलरंग लावायचा नाही. उन्हात ठेवायचं नाही. बैठक सैल पडली की खुर्ची उलटी करून ओल्या फडक्याने खालून पाणी द्यायचं, वाळताना वेत आपोआप ताणतो. "आनि वापरात ठेवायची. नुसती ठेवली की वेत कोरडा पडतो आनि तडकतो."

मला बावीस दिवसांचं सगळं आठवलं. म्हटलं, "आबा, माणसांचंही तसंच असतं का हो?"

"मानसांचं मला नाही ठाऊक," आबा म्हणाले. "मी खुर्च्या करतो."

निघताना त्यांनी बजावलं, "ओल आहे अजून. दोन दिवस कोनी बसू नका." हे 'कोनी' माझ्या दिशेने होतं.

परतीच्या बसला धुळ्यापर्यंत जागाच मिळाली नाही. खुर्ची हातात धरून मी दोन तास उभी. एक आजी सारख्या म्हणत होत्या, "बाई, खुर्ची शे ना तुनापा (तुझ्याजवळ)? मग बस ना तिच्यावर!" खुर्ची आहे, पण बसायचं नाही, यावर कोणाचा विश्वास बसणार होता!

दार यांनीच उघडलं. हातात पेपर. आधी माझ्याकडे, मग खुर्चीकडे बघितलं. खुर्ची उचलून आत नेली, उलटी केली, भोकांवरून बोट फिरवलं, स्क्रू बघितले. मग तोंड उघडलं.

"ही आपली नाही."

सत्तावीस दिवसांनी पहिलं वाक्य, तेही हे! मी म्हटलं, "मी तरी कुठे तुमची होते? आणून बसवलीतच ना घरात?"

यांनी नुसती खुर्ची सुलटी केली. झालं, म्हटलं, आता पुन्हा चिठ्ठ्या. कपाळ माझं! तेवढ्यात हळूच म्हणाले, "कुठून आणलीस?"

डोळे भरूनच आले माझे. "बठ्ठं सांगते," मी म्हटलं. जळगावची चार दिवसांची सवय जिभेवर होती.

आणि हे बसले.

वेत कुरकुरला. आबांचे दोन दिवस तोंडात आले होते, पण गिळून टाकले. वेत पुन्हा एकदा कुरकुरला आणि गप्प झाला. यांनी पेपराची घडी करून मांडीवर ठेवली.

"सांग," म्हणाले.