बावन्न किलोचा गट

काल कॉलेजातून आलेली मुलगी वजनकाट्यावर उभी राहिली आणि आनंदाने ओरडली, "बाबा, पाच किलो कमी झालं!" बायकोने कौतुक केलं. मला मात्र नगरच्या कॉलेजातला तालमीजवळचा काटा आठवला.

बहात्तर साल, दुष्काळाचं. विद्यापीठाच्या कुस्त्यांसाठी निवड चालली होती. माझ्या खोलीतला ज्ञानदेव, कर्जतकडचा, एरवी सत्तावन्न किलोच्या गटात लढायचा. वजन गटात बसावं म्हणून घोंगडी पांघरून पळायचा, घाम गाळायचा. त्या दिवाळीनंतर गावाहून आला आणि तसाच काट्यावर चढला. काटा साडेएक्कावन्नावर थांबला.

"शाबास!" कुस्तीचे सर खूश झाले. "घाम न गाळता बावन्नात बसलास. मेडल आपलंच!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

"सर, खुराक कधीपासून हाय?" ज्ञानदेवने विचारलं. निवडलेल्या मल्लांना कॉलेजकडून रोज दूध आणि अंडी मिळत. तो त्याचसाठी आला होता. घरी रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, एक वेळच्या भाकरीवर चाललं होतं.

"खुराक? अरे, वजन वाढलं तर गट हुकेल. कुस्ती झाल्यावर पी की दूध."

"मग सत्तावन्नातच घ्या ना, सर. लढतो मी."

"तिथं दुसरा गडी आहे."

तेवढ्यात दुधाची किटली आली. तापल्या दुधाचा वास पसरला. ज्ञानदेव अजून काट्यावरच उभा होता.

"अर्ध्या किलोची जागा हाय की, सर," तो म्हणाला. "तेवढं तरी वाढा."

सगळे हसले. सरही हसले. किटली त्याच्यासमोरून पुढे गेली.