दोन काचांची फ्रेम

धुळ्याला देवपुरात प्रमिलाबाईंचं घर. पुढच्या खोलीत देव्हारा आणि त्याच्या शेजारी खिळ्याला सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये त्यांच्या लेकीची, कामिनीची, बी.एस्सी.ची गुणपत्रिका. सकाळी देवांना कुंकू लावून झालं की बोटावर उरलेलं कुंकू प्रमिलाबाई त्या काचेलाही टेकवायच्या. त्यांचे यजमान रतिलालभाऊ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. ते एकदा म्हणाले की अगं, कागदाला देव करू नकोस, उद्या नैवेद्य मागेल. त्यावर प्रमिलाबाई म्हणाल्या, मागू दे. तीन वर्षं पोरगी सकाळी सहाच्या एसटीनं शिरपूरच्या कॉलेजला गेली, तिच्या डब्याच्या पोळ्या लाटल्या तोच नैवेद्य.

प्रमिलाबाई मूळच्या जामनेरकडच्या, केळीवाल्या घरातल्या. दहावीला असताना वडिलांनी शब्द दिला होता, साठ टक्के पाड, जळगावला शिकायला ठेवतो. पडले अठ्ठावन्न. वडील वाईट नव्हते, पण शब्दाचे पक्के, साठ म्हणजे साठ. दोन वर्षांनी भावाला सेहेचाळीस पडले, तर गावभर पेढे वाटून त्याला आयटीआयला घातलं. प्रमिलाबाईंनी तेव्हा फक्त पेढा खाल्ला नाही. या गोष्टीला तीस वर्षं होत आली, तरी अजून कुणी पेढा पुढे केला की त्या आधी विचारतात, कशाचा?

लग्न होऊन धुळ्याला आल्यावर दोन गोष्टी त्यांनी रेटून केल्या. पहिली कानबाईच्या रोटाची. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू त्यांच्या सासरी दर पुरुषामागे सव्वा मूठ असे काढायचे. कामिनी झाली त्या वर्षी प्रमिलाबाईंनी तिच्याही नावाची सव्वा मूठ टोपल्यात टाकली. सासूबाई म्हणाल्या, "आंडेरनी मूठ नही ऱ्हास माय." लेकीची मूठ कुठे असते? प्रमिलाबाई म्हणाल्या, "कानबाई कुणाची तरी लेकच ना? तिलाच विचारू." कानबाई काही बोलली नाही, म्हणून मूठ राहिली.

दुसरी गोष्ट निकालाची. त्यांच्या घरात निकालाच्या दिवशी आधी जेवण आणि मग निकाल. भरल्या पोटी काहीही ऐकता येतं, असं त्यांचं म्हणणं.

पण नियम माणसानं करावा आणि मोबाइलनं मोडावा. जळगावच्या एका कॉलेजात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचा अर्ज कामिनीनं भरला होता. आदलं वर्ष वडिलांच्या आजारपणात घरी बसून गेलेलं, त्यामुळे यंदाचा प्रवेश हुकला तर पुढे काही खरं नव्हतं. सुनंदाबाईंनी, म्हणजे मोठ्या जाऊबाईंनी, एक स्थळही आणून ठेवलं होतं. नागपंचमीच्या दिवशी दुपारी यादी लागली. घरात त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायला ठेवलेली. कामिनीनं चुलीपाशीच मोबाइल उघडला आणि न जेवता उठली.

यादीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं, अपात्र. किमान साठ टक्के हवेत, अर्जदाराचे ५९.७०. हरकत असल्यास शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मूळ गुणपत्रिकेसह समक्ष यावं.

आता कामिनीच्या गुणपत्रिकेवर टक्के नव्हतेच. शिरपूरचं तिचं कॉलेज स्वायत्त, तिथे दहापैकी गुणांक देतात. तिचा गुणांक ६.७२. या आकड्यानं पोरीला तीन वर्षं पोखरलं होतं. चुलतबहीण मयुरी, सुनंदाबाईंची लेक, पुण्याच्या कुठल्याशा खाजगी विद्यापीठात शिकली, तिला ८.९. दोघींची कॉलेजं वेगळी, पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, पण हळदीकुंकवाला बायका दोन आकडे शेजारी ठेवून बघायच्या. सुनंदाबाई तर दारातूनच विचारायच्या, "कितला शेतस व मग?" किती आहेत, हे त्यांना पाठ होतं, तरी विचारायच्या. कामिनी दर सत्राच्या निकालाआधी आठ-आठ दिवस नखं कुरतडायची, अन्न पोटात ठरायचं नाही. चारचौघांत तिनं स्वतःचं नावच ठेवलं होतं, मी सहाची पोरगी.

मंगळवार गेला, बुधवार गेला. कामिनी अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून. जळगावला जायचं नाही म्हणाली. जाऊन काय करू, आहेतच तेवढे.

प्रमिलाबाईंनी समजावलं नाही. समजावणं त्यांना जमतही नाही. त्यांनी रोटाचे गहू काढले, टोपलं तिच्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाल्या, यंदा माझा हात दुखतो, मुठी तू भर. कामिनी उठली. पाच मुठी झाल्यावर म्हणाली की आई, माझी मूठ लहान आहे, गहू कमी होतील.

"कुणाच्या मानानं कमी?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "तुझ्या काकूची मूठ माझ्या दीडपट. त्यांच्या घरी त्यांची मूठ, आपल्या घरी आपली. वीस वर्षांत कानबाईनं मला सांगितलं नाही की जा, सुनंदाची मूठ घेऊन ये."

त्या रात्री कामिनी जेवली.

गुरुवारी सकाळी प्रमिलाबाईंनी खिळ्यावरून फ्रेम उतरवली आणि थेट गफूरभाईंच्या दुकानी नेली. फ्रेम त्यांनीच केलेली. गफूरभाई चाळीस वर्षं काच कापतात. लक्ष्मी, मक्का-मदिना, वारलेली माणसं, लग्नाचे जोडे, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. त्यांना सांगितलं की आतला कागद काढून द्या, जळगावला न्यायचाय.

गफूरभाईंनी चुका, म्हणजे बारीक खिळे, काढल्या, मागचा पुठ्ठा उचलला आणि थांबले. मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती ना, तेव्हा कागद पुढच्या काचेला चिकटून बसला होता. ओढला तर शिक्क्यासकट सोलून येईल म्हणाले. प्रमिलाबाईंना वाटलं, कुंकू लावता लावता आपणच हा कागद डांबून ठेवला, मूळ प्रत आता दाखवायची कशी?

गफूरभाई मात्र कागदाच्या पाठीकडे बघत होते. चष्मा वर करून म्हणाले, "ताई, मागं काय छापलंय, वाचलंय का कुणी?"

कुणीच वाचलं नव्हतं. निकाल हातात आला त्याच दिवशी रतिलालभाऊंनी हौसेनं फ्रेमला दिला. झेरॉक्स काढल्या त्या पुढच्याच बाजूच्या, अर्जाला जोडल्या त्याही पुढच्याच. पाठीमागे बारीक अक्षरात श्रेणींचा तक्ता होता आणि तक्त्याखाली एक ओळ. प्रमिलाबाईंना इंग्रजी अक्षर लागतं, अर्थ लागत नाही. त्यांनी तिथूनच कामिनीला फोन केला, असशील तशी ये म्हणाल्या.

कामिनी आली, वाकून वाचलं. गुणांकाचे टक्के करायचे तर त्याला साडेनऊनं गुणावं, असं तिच्या कॉलेजनं स्वतः छापलेलं. जळगाववाल्यांनी, यादीखाली लिहिल्याप्रमाणे, गुणांकातून पाऊण वजा करून दहानं गुणलं होतं. तो त्यांचा हिशोब, त्यांच्या पोरांसाठी. तिनं काचेच्या धुळीवर बोटानं गुणाकार केला. ६३.८४. परत केला. तेवढेच. मग फ्रेमच्या दुकानात, एका बाजूला गणपती आणि एका बाजूला कुणाचे तरी कैलासवासी आजोबा, अशी मधोमध बसून ती रडली. गफूरभाईंनी पाणी दिलं आणि म्हणाले, "बेटा, लोक मला सांगतात, भाई, समोरून चमकली पाहिजे. पाठ बघायला कोण सांगतं?"

कागद निघत नव्हता, त्याची तोडही त्यांनीच काढली. पुठ्ठा बाजूला ठेवला आणि मागूनही काच बसवली. दोन काचा, मध्ये गुणपत्रिका, पुढून मार्क आणि मागून नियम. पैसे विचारले तर म्हणाले, जळगावहून येताना सांगा काय झालं ते.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मायलेकी निघाल्या. फ्रेम नव्या टॉवेलात गुंडाळून प्रमिलाबाईंनी मांडीवर घेतलेली. कंडक्टर म्हणाला, देव असेल तर पायाशी ठेवू नका मावशी. पारोळ्याला एक म्हातारे बाबा चढले, त्यांनी टॉवेलाला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, कोणती देवी? प्रमिलाबाई म्हणाल्या, घरचीच. कामिनीला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. एरंडोल गेलं तशी मात्र ती परत नखं खायला लागली. प्रमिलाबाईंनी तिचा हात धरला नाही. फ्रेमच तिच्या मांडीवर दिली. दोन्ही हात गुंतले की नखं कुठून खाणार?

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपुढे रांग. आतल्या बाबूंचं नाव हितेंद्र, पाटीवर लिहिलेलं. माणूस अरेरावीचा नव्हता, थकलेला होता. फ्रेम बघून म्हणाला, ताई, हे काय आणलंत? प्रमिलाबाईंनी सगळं सांगितलं, ओल, काच, कुंकू, सगळं. रांगेतली पोरं हसली. हितेंद्रभाऊही थोडे हसले आणि म्हणाले की मूळ कागद दिसतो आहे, शिक्का दिसतो आहे, ते चालेल, पण टक्के तेच राहतील. संगणकात एकच सूत्र घातलेलं आहे, सगळ्यांना तेच लागतं, कुणावर अन्याय नको म्हणून.

आता प्रमिलाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "भाऊ, गहू माझ्या मुठीनं मोजलेत. तुम्ही ते तुमच्या मुठीनं परत मोजताय आणि कमी भरले म्हणताय. मूठ तुम्ही बदललीत, मग माझे गहू कमी कसे?"

हितेंद्रभाऊ म्हणाले की प्राचार्य मॅडमना विचारावं लागेल, त्या मीटिंगमध्ये आहेत, तुम्ही सोमवारी या. घड्याळात साडेअकरा झाले होते. मुदत बाराची. सोमवारी काय यायचं, राख गोळा करायला?

प्रमिलाबाई काही म्हणणार, तेवढ्यात कामिनीनं फ्रेम उचलली आणि उलटी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. धुळं सोडल्यापासून ती कुणाशी नीट बोललीही नव्हती. "सर, सगळ्यांना एकच सूत्र लावायचं तर सगळ्यांचे पेपरही एकच हवे होते. आमच्याकडे शंभरपैकी सत्तर पडले की आठ गुण देतात. तुमच्याकडे सत्तरला किती देतात ते तुमच्या तक्त्यावर बघा. शिडीच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. मी कितव्या पायरीवर आहे ते सांगायचं तर शिडी माझी धरा. हे माझ्या कॉलेजनं लिहून दिलंय. ६३.८४. मला दया नको, हरकत लिहून घ्या आणि पोच द्या. बाराच्या आत."

रांगेतलं हसू थांबलं होतं. मागून एक मुलगी पुढे आली, म्हणाली, दीदी, जरा बघू. तिनं आपल्या पिशवीतून स्वतःची गुणपत्रिका काढली, उलटी केली आणि तिथेच उभी राहून वाचायला लागली. तिच्या मागे आणखी दोघांनी आपापली उलटी केली. खिडकीपुढे एकदम पाठींचीच जत्रा भरली.

हितेंद्रभाऊंनी ते बघितलं, चष्मा काढून पुसला आणि फ्रेम दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन गेले. पावणेबाराला बाहेर आले. मॅडमनी मीटिंगमधूनच सही केली होती. ज्याच्या विद्यापीठानं किंवा कॉलेजनं सूत्र छापलंय त्याला तेच लावायचं, असा शेरा. पोच देताना ते कामिनीला हळूच म्हणाले की हे आम्हीच बघायला पाहिजे होतं, पण सगळ्या झेरॉक्स पुढच्या बाजूच्याच येतात. प्रमिलाबाई म्हणाल्या, आता फॉर्मवर लिहा, दोन्ही बाजू जोडा म्हणून. त्यांनी खरंच लिहून घेतलं.

शनिवारी नवी यादी लागली. कामिनीचं नाव एकतिसावं, जागा चाळीस. त्या दिवशी मोबाइल प्रमिलाबाईंनी पिठाच्या डब्यात घालून ठेवला होता. आधी जेवण झालं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, डोरलं, अंगावर हिरवं लुगडं, रोटाचा वास घरभर. गफूरभाईंना कालच फोन गेला होता. सुनंदाबाई मयुरीला घेऊन आल्या. देवीला हळदकुंकू वाहिलं आणि सवयीनं मान भिंतीकडे वळवली. तिथे फ्रेम होती, पण उलटी टांगलेली. सोनेरी पट्टीत नुसता बारीक अक्षरांचा तक्ता आणि खाली एक ओळ.

"हाई काय व प्रमिला? पोरना मार्क कोठे शेतस?"

"मागे आहेत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ज्याला बघायचे त्यानं आधी हा नियम वाचायचा, मग फ्रेम फिरवायची."

सुनंदाबाईंनी मयुरीकडे बघितलं. मयुरी खरंच पुढे झाली आणि वाचायला लागली. वाचून झाल्यावर म्हणाली, काकू, माझ्या गुणपत्रिकेच्या मागे काय आहे, मी कधी पाहिलंच नाही. सुनंदाबाई म्हणाल्या, तुला काय करायचंय, तुला आठ पॉइंट नऊ आहेत. मयुरीनं फ्रेमकडे परत एकदा बघून घेतलं.

कामिनी आतून ताटं घेऊन आली. रोट तिच्याच मुठीच्या गव्हाचे होते. सगळ्यांना पुरले, वर दोन उरले. प्रमिलाबाईंनी देवीला कुंकू लावलं आणि बोटावरचं उरलेलं, नेहमीसारखं, काचेला टेकवलं. यंदा मागच्या.