दोनावरचा अर्धा

अर्जदार: सॉलोमन, वय अठ्ठेचाळीस, मूळ राहणार ठाणे, हल्ली ओफाकिम, इस्राएल, धंदा अर्ज लिहिण्याचा. विरुद्ध: तोच. गुन्ह्याचा काळ: १९६२, नव्याच्या सणाआधीचा, म्हणजे आमच्या नववर्षाआधीचा महिना. साक्षीदार: एक लाकडी फूटपट्टी, तिला बोलता येत नाही.

हे आजवर मी कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हांलाच प्रथम सांगतो.

अब्राहाम मिस्त्रींनी आमच्या प्रार्थनाघराचे हेखाल — सेफेर-तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवण्याचे कपाट — सणाआधी करून देण्याचा करार केला होता. करारनामा माझ्याच अक्षरातला. मिस्त्रींचे माप मुंबईचे, इंचांत. बेरशेबाच्या लाकूडवाल्याला हवे सेंटिमीटर. "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच उतरवा," ते म्हणाले. इंचाला अडीच धरायचे, हे मला ठाऊक होते का? — नक्की नव्हते. माझ्या अर्जांनी चार घरांना नोकऱ्या लागलेल्या. मी कोणाला विचारायचे? मी दोन धरले आणि तशी चिठ्ठी लाकूडवाल्याला लिहिली.

उभ्या फळ्या दीड वीत आखूड आल्या.

मिस्त्रींनी माझी चिठ्ठी मागितलीच नाही. स्वतःची फूटपट्टी तपासली, पुन्हा तपासली. "चाळीस वर्षं रंधा मारलात, आता इंच मोजता येईना होय? चष्मा करा," त्यांच्या रिबकाबाई म्हणाल्या. ते हसले. मी तेथेच होतो. चहा प्यायलो.

नवे लाकूड सणानंतर आले. सणाला सेफेर-तोरा टेबलावर, चादरीत. प्रार्थनाघराच्या कमिटीने करारभंगाची तक्रार माझ्याकडून लिहवून घेतली. उत्तर लिहवायला मिस्त्रीही माझ्याकडेच आले — दुसरा होता कोण?

"माप माझंच चुकलं असणार. तसं लिहा, मास्तर."

असणार — एवढी फट त्यांनी ठेवली होती. मी तीही बुजवली. 'माप माझे चुकले' असे लिहून सही घेतली.

काम दुसरीकडे गेले. मिस्त्रींना पुन्हा कोणी साधे कपाटही सांगितले नाही. आता ते अश्दोदला, बंदराच्या बांधकामावर दगड उचलतात. मागच्या महिन्यात इथल्या आपल्या घरी आले, तेव्हा दाराला कडी बसवायची होती. दोनदा मापले, मग मुलीला म्हणाले, "तू बघ गं, माझ्यावर विसंबू नको." बरोबर आहे, असे ती हिब्रूत म्हणाली. तरी त्यांच्याने भोक पाडवेना. तेव्हाही — मी दारातच होतो.

कारण देत नाही. हा कागद उद्या कमिटीपुढे ठेवतो. तरी कमिटीला विनंती, की मिस्त्रींच्या नावावरची चूक खोडून माझ्या नावावर लिहावी, आणि ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. वाचणारा दुसरा घ्यावा.