पिठाचा माणूस

मढच्या साळुबाईला नातीचा एकही हट्ट मोडता आला नव्हता, आणि श्रेयाला हे पक्कं माहीत होतं. नाताळची सुट्टी लागली तशी सून आरती लेकीला घेऊन जुन्नरहून आली. आरती तिथे एका मेडिकलच्या दुकानात कामाला होती, पोरीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. पिशवीतून कपड्यांच्या आधी बाहेर आला तो प्लास्टिकचा लाल साचा. डोकं, दोन हात, दोन पाय.

आरती धुणं घेऊन ओढ्यावर गेली आणि श्रेया आजीच्या मागे लागली.

"आजी, पिठाचा माणूस करायचा. आलं आन गूळ घालून. टीचरनी दाखवलाय, लई सोपाय."

साळुबाईच्या हातातलं पातेलं मोरीत निसटलं.

"माणूसच कशाला? चांदण्या कर. फुलं कर."

"चांदण्यांना तोंड नसतंय," श्रेया म्हणाली, आणि हे खोटं कसं म्हणावं?

त्या घरात 'पिठाचा माणूस' हे दोन शब्द कुणी उच्चारायचे नाहीत, असा अलिखित नियम होता. साळुबाईचा मुलगा सूरज भाजीचा टेम्पो घेऊन माळशेज घाटातून कल्याणला जायचा. श्रेया पाळण्यात होती त्या पावसाळ्यात घाटात दरड आली. टेम्पो दरीत सापडला, सूरज सापडला नाही. माणसं दोर बांधून उतरली, ओढे, कपारी धुंडाळल्या, आणि शेवटी दमून आपापल्या घरी गेली. साळुबाई तेवढी दमली नाही. पोरगा डोक्याला मार लागून सगळं विसरलाय, कुठेतरी आहे, हे तिने घट्ट धरून ठेवलं. पुरावा काय, तर टीव्ही. तिच्या सिरियलमधला एक हिरो दोनदा दरीत पडून परत आला होता, त्यातल्या एकदा तर नवा चेहरा घेऊन. भिंतीवरच्या सूरजच्या फोटोला तिने हार घालू दिला नाही.

दीर रखमाजी दर पितृपक्षात यायचा आणि उंबऱ्यावर बसून तेच सांगायचा. "वहिनी, माणूस गावला न्हाई की पिठाचा माणूस करत्यात. त्याला अग्नी देऊ, घरानं डोक्यावरनं पानी घ्यायचं. त्याचा जीव सुटंल आन तुमचाबी."

"माझ्या घरातलं पीठ मिळायचं नाय भाऊजी," साळुबाई म्हणायची, आणि चहा ठेवायची.

आरती यात कधी बोलली नाही. ती गळ्यात मंगळसूत्र घालून दुकानात जायची, आणि कुणी नवऱ्याचं विचारलं की मान खाली घालून गोळ्यांची पाकिटं लावत बसायची. सासू हो म्हणत नाही तोवर ती धड सवाष्ण नव्हती आणि धड विधवाही नव्हती. साळुबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, म्हणूनच ती सुनेच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही.

आणि आता तेच पीठ नात मागत होती.

साळुबाईने परात काढली. काय करणार? गव्हाच्या पिठात मूठभर नाचणीचं घातलं, गूळ तुपात विरघळवला. आल्याची पूड पाहिजे म्हणून श्रेया अडून बसली.

"आल्याची पूड म्हंजे सुंठच की गं," आजी म्हणाली. "बाळंतिणीला देतो आमी. तुज्या टीचर त्याची बिस्किटं करत्यात व्हय."

दालचिनी, दोन लवंगा कुटून, चिमूटभर खायचा सोडा. सुंठीचा वास उठला आणि साळुबाईला आरतीच्या बाळंतपणातले लाडू आठवले. बाळंतिणीच्या डब्यातून सूरज रोज एक पळवायचा आणि मांजराचं नाव सांगायचा. ती पीठ मळत राहिली, गरजेपेक्षा फार वेळ मळत राहिली.

गॅसवर कुकर ठेवला, रिंग आणि शिट्टी काढून, तळाला जाड मीठ. श्रेया पोळपाटावर साचा दाबत होती. ही मम्मी. ही तू आजी, तू जाडी. हे रखमाआजोबा, यांचं तोंड वाकडं. शेवटचा माणूस तिने फार जपून उचलला, डोळ्यांना तीळ लावले, छातीवर मनुकांची बटणं. फोटोतल्या शर्टाला होती तशीच.

"हे पप्पा," ती म्हणाली.

बाकीचे भाजून निघाले. साळुबाईने पप्पांची ताटली हळूच फळीवर सरकवली आणि वर पातेली पालथी घातली. श्रेयाची नजर घारीची. स्टुलावर चढून तिने पातेली उचलली.

"याला का नाय भाजलं?"

"आसाच चांगला दिसतोय. ऱ्हाऊ दे."

"कच्चा ठेवला तर बुरशी लागंल आजी. मुंग्या खातील." मुंगी आलीही होती, पायाशी. श्रेयाने ती फुंकून उडवली. "भाजला की लई दिवस टिकतो. टीचर म्हणल्या."

रखमाजीला इतकी वर्षं परतवणारी बाई सहा वर्षांच्या पोरीपुढे नुसती उभी राहिली. घाटाच्या कठड्यापाशी दोर खाली सोडत होते तेव्हा ती अशीच उभी होती, हात असून काही करता येत नव्हतं.

"तूच ठेव. मला चटका बसंल," श्रेया म्हणाली.

मग साळुबाईनेच ठेवला. दोन्ही हातांनी ताटली धरून आत सोडली, वर झाकण टाकलं, आणि कुकरकडे बघत भिंतीला टेकून बसली. श्रेयाने किती वेळ लागेल विचारलं. साळुबाईने पदराने बोटांवरचं पीठ पुसलं.

वास सुटला तशी तिने गॅस बारीक केला, उठली, न्हाणीत गेली आणि हौदातल्या गार पाण्याचे तांबे डोक्यावरून घेतले.

आरती धुण्याचा पिळा घेऊन आली तेव्हा सासू स्वयंपाकघरात ओल्या केसांनी बसली होती. दिवस कलला होता, बाहेर हुडहुडी भरत होती.

"आत्या, आत्ता आंघोळ?"

"मम्मी," श्रेया म्हणाली, "पप्पांना भाजायला ठेवलंय. आजीनं ठेवलं."

आरतीच्या हातातला पिळा तिथेच खाली आला. तिने कुकरकडे पाहिलं, मग सासूच्या केसांकडे. साळुबाईने आज मान वळवली नाही.

"हौदात पानी हाये आजून," ती म्हणाली.

आरती पिळा ओलांडून आत आली. मग खुंटीवरचा टॉवेल घेऊन न्हाणीत गेली.