पुंगोलमधले औट

त्या दिवसांत आमच्या सिंगापुरातल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायच्या बांबूवर कपडे सोडून बाकी सगळं वाळत असायचं. मुख्यतः कागदाचे गोळे. फुगा फुगवायचा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळल्यावर आतला फुगा फोडायचा. आलेले पाहुणे कौतुकाने विचारायचे, “वा, आकाशकंदील घरीच का?” की माझा नवरा दुखावलाच.

“एरियल शेल्स आहेत,” तो गंभीरपणे सांगायचा. “आकाशात जाऊन फुटणारे.”

ते आकाशात जात नव्हते आणि फुटत तर त्याहून नव्हते. पण नवऱ्यासकट तीन पुरुषांनी शनिवार-रविवार त्यांना वाहिला होता. नवरा पाया लेबार भागात सॉफ्टवेअरमध्ये, त्याचा पुण्याचा मित्र त्याच इमारतीत मॅनेजर आणि तिसरा एका प्रयोगशाळेत संशोधक. तिघांनी खाडीवर सरकारी आतषबाजी पाहिली आणि तिघांनाही एकदमच वाटलं, हे आपल्याला जमेल. सिंगापुरात घरच्या घरी फटाका उडवणं हा गुन्हा आहे, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. म्हणून यांनी ठरवलं, दारू सोडून बाकी सगळं करायचं. नळी प्लंबिंगची, जोर सायकलच्या पंपाचा, आत चकचकीत कागदाचे तुकडे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात उडवायचं. मॅनेजरने याचं प्रेझेंटेशन केलं होतं. त्यात बाण होते, चौकोन होते, तिघांची पदंही होती. माझं नाव शेवटच्या पानावर होतं. माझ्याकडे खळ शिजवायचं काम होतं.

“वहिनी, तुमच्या खळीला गुठळी म्हणून होत नाही,” मॅनेजर म्हणाले.

मी केमिकल इंजिनियर आहे. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिली, आणि हे मी न विचारता सांगते, कारण विचारण्याची वाट पाहिली तर कोणी विचारत नाही. माझ्या गावच्या दसऱ्याला दारूकाम असायचं. शिंपी, न्हावी, शाळेतले शिपाई, रिटायर झालेले फौजी असे हौशी लोक आपापल्या मंडळात औट भरायचे. औट म्हणजे आकाशात उडून फुटणारा गोळा. गावाबाहेरच्या शेडमध्ये ते काम चालायचं आणि पोरींना तिथे मज्जाव. मी लांब बांधावर उभी राहून बघायची. मग शिकले, पदवी घेतली, समुद्र ओलांडून आले. ज्या कारखान्यात साधी काडेपेटीही गेटवर काढून ठेवावी लागते, तिथे मी लोकांना स्फोट कसे टळतात ते शिकवायला लागले. आणि एवढी मजल मारून पोचले कुठे, तर गॅसपाशी, मैद्याची खळ ढवळत. प्रगती म्हणतात ती हीच.

पहिली चाचणी रविवारी सकाळी खाडीकाठी झाली. नवऱ्याने नळी धरली, संशोधकाने पंप मारला, मॅनेजरने उलटी मोजणी केली, कारण कोणीतरी ती करावी लागते. गोळा दोन मजले वर गेला, जरा विचारात पडल्यासारखा थांबला आणि जसा गेला तसाच अखंड खाली आला. गवतावर टप्पा घेऊन आमच्या मुलीच्या पायाशी थांबला.

तिने तो उचलून हलवून पाहिला. “पप्पा, this one just a ball lah.”

शेजारी मासे धरत बसलेल्या चिनी काकांनी तो गळाला बांधायचा फ्लोट आहे का, असं विचारलं.

“पार्शल सक्सेस,” मॅनेजरने जाहीर केलं.

खरं कारण मला दिसत होतं. माझी खळ छान होते म्हणून यांनी थरावर थर चढवले होते, गोळ्याची भिंत नारळाच्या करवंटीएवढी जाड झाली होती. पण मला कोणी विचारलं नाही आणि खळवालीने न विचारता बोलायचं नसतं.

त्या संध्याकाळी आमच्याच हॉलमध्ये मीटिंग बसली. कारणमीमांसा करता करता चहाच्या दुसऱ्या फेरीला मॅनेजर म्हणाले, “हवेत दम नाही. मी परवा पुण्याला चाललोय. मावसभावाच्या गावात दारूकाम करतात. चिमूटभर आणतो.”

“कशातून?” संशोधकाने विचारलं.

“मेतकुटाच्या डब्यातून. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत मेतकूट असतं. कोण बघतंय?”

मी हातातली बशी खाली ठेवली. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, त्याच महिन्यात नूतनीकरणाला गेलेला होता. आमच्या घरात कोणी स्फोटक पदार्थ बाळगतं असं कुणाच्या नुसतं कानावर गेलं असतं, तरी जुरोंगचं फाटक माझ्यासाठी कायमचं बंद. मग पास नाही, नोकरी नाही आणि गावात ज्या आईबापांनी पोरीच्या पदवीचा फोटो देवाशेजारी लावलाय, त्यांना काय सांगणार? जावयाचा गोळा नीट फुटेना म्हणून?

“भावोजी,” मी म्हणाले, “तुमचा गोळा दोन मजले जातो. माझा पास पार दिसेनासा होईल.”

“अगं, तो गंमत करतोय,” नवरा म्हणाला.

“विमानतळावरच्या कुत्र्याला सांग तसं. त्याला विनोद कळत असेल तर.”

सगळे हसले. मला वाटलं विषय संपला. शिकलेल्या माणसांबद्दल माझा फार गैरसमज आहे, तो अजून जात नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मॅनेजरने पुण्याहून ग्रुपवर फोटो टाकला. स्टीलचा डबा, वर चिकटपट्टी, पट्टीवर ‘मेतकूट’, बाजूला वर केलेला अंगठा. संशोधकाने खाली टाळ्या वाजवल्या होत्या. नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “खरंच घेतली वाटतं यानं,” तो पुटपुटला. एवढ्या दिवसांत त्याने काढलेला हा पहिला शास्त्रीय निष्कर्ष.

मी मॅनेजरला फोन लावला. भांडले असते तर त्यांनी मला पाच मुद्द्यांत समजावलं असतं. म्हणून आवाज गोड केला. “काकू आहेत का जवळ? मेतकुटाचं प्रमाण विचारायचं होतं.”

“घ्या की, घ्या की! आई, वहिनी बोलतायत.”

काकूंना मी डाळ-तांदळाचं प्रमाण विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “काकू, त्यांनी चिकटपट्टी लावलेल्या डब्यात मेतकूट नाहीये. दारूकामाची दारू आहे. उद्या विमानात नेणार आहेत.”

फडताळाचं दार वाजलं. मग डबा उघडल्याचा आवाज, आणि काकू फोन न ठेवताच सुरू झाल्या. “अरे मेल्या! माझ्या डब्यात? ही रात्रभर माझ्या फडताळात, देवघराच्या भिंतीला लागून? तुझा बाप सकाळी भातावर मेतकूट घेतो, कळतंय का तुला? आणि त्या पोरीची नोकरी घालवतोस? एवढं शिकवलं ते यासाठी?”

“आई, ते प्रोजेक्ट आहे…”

“प्रोजेक्ट गेला खड्ड्यात! गाडी काढ. ज्याच्याकडून आणलंस त्याच्या हातात परत दे, मी येते बरोबर. आणि कपडे बदल, ते अंगावरचे धुवायला टाक. बॅगही दुसरी घे!”

दारूचा वासही कुत्र्याला लागू नये अशी ही शेवटची सूचना ऐकून मला काकूंना आमच्या कारखान्यात घ्यावंसं वाटलं. तासाभराने त्यांचा स्वतःहून फोन आला, “दिलं गं परत, समोर उभी राहून. तू निवांत झोप.”

मॅनेजर परतले ते रिकाम्या हाताने आणि माझ्याशी फार अदबीने. पुढच्या शनिवारी मी गॅसपाशी गेलेच नाही. हॉलमध्ये खुर्ची घेतली, कागदाचे दोनच थर द्यायला लावले आणि मधोमध मुद्दाम कच्चा जोड ठेवला, गोळा तिथून उकलावा म्हणून. खळ मॅनेजरने शिजवली. तिला गुठळ्या झाल्या.

“वहिनी, हे तुम्ही आधी का नाही बोललात?” संशोधकाने विचारलं.

“तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये जागा नव्हती.”

दिवाळीच्या कार्यक्रमात गोळा वर गेला आणि मधोमध उघडला. चकचकीत कागद सगळ्यांच्या डोक्यावर पडला. मंडळाच्या अध्यक्षांनी तिघांना मंचावर बोलावून शाल-नारळ दिला. मी खाली बसून टाळ्या वाजवल्या, कारण तेवढं मला येतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये असताना ईमेल आला. पास मंजूर. मी तो दोनदा वाचून पाहिला. मग नवऱ्याला फोन केला.

“सुटलो!” तो ओरडला. पलीकडे मॅनेजरचाही आवाज आला. दोघं काहीतरी कुजबुजले. मग नवरा घसा साफ करून म्हणाला, “अगं, आता काही वर्षं तरी काळजी नाही. तर आम्ही काय म्हणत होतो…”

“आधी काकूंना विचारा,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.