कपटी चहा

"तू काय करतो आहेस?" हे चारही शब्द सुटे सुटे करून तुम्ही घरात शेवटचे कधी बोललात? खरं सांगा.

मी वर्गात मात्र रोज तसंच बोलायचो. डोंबिवलीतल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. वडील मानपाड्याकडच्या कारखान्यात होते. युनियनची पत्रकं घड्या घालायला घरी यायची, मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. पत्रकात प्रत्येक शब्द ताठ उभा असतो. माझं इंग्रजीही तसंच झालं. "शब्द गिळायचे नाहीत. गिळतो तो घाबरलेला असतो," असं मी मुलांना सांगायचो, आणि ते मला खरंच वाटायचं.

शेवटच्या वर्षाला खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. आई मासळी विकायची. मुलीने घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात नोकरीसाठी अर्ज केला होता. तिथे आधी कानाला हेडफोन लावून इंग्रजी वाक्यं ऐकायची आणि लिहून काढायची परीक्षा होती. त्यात ती नापास झाली. दोन आठवड्यांनी आणखी एक संधी होती, तिसरी मिळणार नव्हती.

ती वर्गातच उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही शिकवता ते इंग्लिश तिकडे कोणी बोलतच नाय."

"म्हणजे?"

"'वुड्यू लाइक' कळलं. पुढे काय बोलला ते नाय कळलं. मी जे ऐकलं ते रफ पानावर मराठीत लिहून ठेवलेलं." तिने वही पुढे केली. पानावर लिहिलं होतं: कपटी.

मागून एक मुलगा ओरडला, "अगं, बरोबर लिहिलंस! कंपन्या कपटीच असतात, सर रोज सांगतात ना!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण तो शब्द पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला आणि माझी जीभ अडखळली. कप ऑफ टी. मधल्या 'ऑफ'चा नुसता 'अ' उरतो, तो 'कप'ला चिकटतो, त्याला 'टी' चिकटतो. कपटी. तिच्या कानाने चोख काम केलं होतं. चुकलो होतो मी.

तरी मी अडून बसलो. "साहेबाच्या बोलण्याची नक्कल आपण का करायची?"

"नक्कल नाय करायची सर, समजायचं आहे." मग तिने विचारलं, "माझी आई गिऱ्हाईकाला 'आपल्याला काय पाहिजे आहे' असं बोलत नाय. 'काय पायजेल?' बोलते. ती पण घाबरलेली काय?"

कोळी-आगरी बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांशी मी स्टाफरूममध्ये तावातावाने भांडलेलो होतो. आणि इथे त्याच माणसांच्या मोजपट्टीने मी इंग्रजी मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'एक एक' लिहिलं आणि विचारलं, हे बोलताना काय होतं? सगळे म्हणाले, "एकेक." शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला हात देतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडात होतंच. मग 'टर्न ऑफ'चं 'टर्नॉफ' कळायला वेळ लागला नाही. 'नेक्स्ट डे'मधला 'ट' कुठे जातो हे त्यांनीच मला सांगितलं.

त्यानंतर रोजचा गृहपाठ एकच होता: येताना कानावर पडलेलं एक जोडून बोललेलं मराठी वाक्य आणि तसंच एक इंग्रजी वाक्य, ऐकू आलं तसंच लिहून आणायचं. कुणी रिक्षावाल्याचं "कुठं जायचंय?" आणलं, कुणी नाक्यावरच्या मावशीचं "येतेयस ना गं?" आणलं. त्या मुलीची वही सगळ्यांत आधी भरली. इंग्रजी बोलताना ती शब्द पूर्वीसारखेच सुटे ठेवायची, मीही ठेवू दिले. जोडायला आधी कान शिकायला हवा होता, जिभेला घाई नव्हती.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या दारात उभी राहिली.

"कपटी आला काय?" मागच्या मुलाने विचारलं.

"कपटी नाय रे, दुसराच आला. 'अलॉटव वर्क'. 'अ लॉट ऑफ', ओळखला मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झाले पास, सर. निघताना तिथल्या मॅडमनी मराठीतच विचारलं, 'चहा घेणारेस?'"

"मग?"

"मग काय! 'घेणार आहेस' असं कुठे बोलल्या त्या? तरी मला पटकन कळलं."

त्या दिवसापासून "गिळू नका" हे वाक्य मी वर्गात उच्चारलेलं नाही.

तुम्ही कुठेही, कुणालाही इंग्रजी शिकवत असाल तर एवढं करा. पहिल्या तासाला पुस्तक मिटून ठेवा. प्रत्येकाला त्याच्या आईचं एक वाक्य, ती बोलते अगदी तसंच, कागदावर लिहायला सांगा. आणि त्या कागदावर लाल पेन चालवू नका.